पालकाच्या पिवळ्या पानांवरून

ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतील पाण्यावर भाज्या वाढवण्याची पद्धत, करून पाहायची म्हणून गच्चीवरील ५०० लिटरच्या टाकीत मासे सोडले आणि नवव्या दिवशी सकाळी त्यांतले चार उलटे होऊन तरंगताना दिसले. टाकी, पंप आणि खडी यांविषयी विक्रेत्याने भरभरून सांगितले होते. परंतु माशांनी सोडलेल्या, त्यांनाच घातक अशा अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, हे मात्र सांगितले नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान प्रमाणावरील ॲक्वापोनिक्सची विनामूल्य पुस्तिका काढली असून, पालेभाज्यांच्या दर चौरस मीटर वाफ्यामागे माशांना रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे प्रमाण मला तिच्यातच मिळाले.

आमच्या बोअरवेलचे पाणी जड, सामू (पीएच) आठच्या वर; त्यामुळे पालकाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लोहाची कमतरता. अशा पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) टिकत नाही, ईडीडीएचए स्वरूपातील, म्हणजे अशा पाण्यातही विरघळलेले राहणारे लोह लागते (त्याने पाणी लालसर होते आणि ते पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो). नवशिक्याला टाकीच्या आराखड्याआधी स्वतःच्या पाण्याची अशी माहिती मराठीत हवी असते.