डोळ्यांत वाळू

दुपारी चारपर्यंत डोळे असे चुरचुरायला लागले, की कुणी मूठभर वाळू टाकलीय. स्क्रीनला शिव्या घालतच डॉक्टरांकडे गेले. त्या हसल्या. "अहो, तुम्ही पापण्या मिटायलाच विसरता!" एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर निम्म्यावर येते, अश्रूंचा थर सुकतो. कागदावर वाचतानाही ती कमी लवतेच, पण पुस्तक आपण खाली धरतो, डोळे अर्धे झाकलेले राहतात. मॉनिटरपुढे मात्र टक्क उघडे. (त्यात माझी पीडीएफ मुंगीच्या अक्षरातली.)

दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद बघायचं म्हणे. आमच्या खिडकीतून तेवढ्या अंतरावर समोरच्यांची बाल्कनी येते. तीनदा बघितलं. चौथ्यांदा काकूंनी पडदा ओढला.