ज्वारी रात्र मोजते

मंगळवेढ्याच्या आमच्या रानात यंदा रस्त्याकडेच्या काही ओळी निसवल्याच नाहीत. बाकी अख्ख्या तुकड्यात कणसं दाण्यावर आली, हुरडा खायचे दिवस आले, आणि ह्या पट्ट्यातली ताटं आपली हिरवीगार, नुसती उंच. दादाचा फोन आला. "आगं, बी तेच, खत तेच, पेरा एका दिवसाचा. ह्या वळींनाच काय धाड भरलीय बग की!" मी सोलापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळं माहेरी कशाचंही कारण कळेना झालं की फोन मला येतो.

रविवारी एसटीनं गेले. हिरव्या ओळीतलं एक ताट दादानं विळ्यानं उभं चिरून दिलं. आत पानांच्या गुंडाळ्या, एकीत एक, पार मधल्या कोवळ्या पिवळट सुरळीपर्यंत. कणसाचा पत्ता नाही. पंधरा-वीस पावलं आत गेलं की तीच मालदांडी ज्वारी, कमरेवर कणीस तोलत उभी. दिवसा काही उमगलं नाही. दिवे लागल्यावर मात्र विचारायची गरजच उरली नाही. रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर दिवाळीत मोठा फ्लडलाइट बसलाय, आणि त्याचा उजेड जिथं संपतो तिथंच हिरव्या ओळीही संपतात. एवढी सरळ रेघ मला प्रयोगशाळेतही आखता आली नसती.

ज्वारीला फुलोऱ्यासाठी अंधार लागतो. थोडाथोडका नाही, लांब आणि सलग. सोलापूरच्या अक्षांशावर जूनमधली सगळ्यांत लहान रात्र अकरा तासांच्या आत-बाहेर असते, आणि डिसेंबरातली सगळ्यांत मोठी जवळजवळ तेरा तासांची. वर्षभरात फरक काय तो दोन तासांचा. तेवढ्यावरून ताट ओळखतं की पाऊस सरला, आता जमिनीतल्या ओलीवर दाणा भरून घ्यायचा. हीच मालदांडी कुणी जूनमध्ये पेरली तर ती वाढत राहते आणि निसवायला फार उशीर लावते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातला. काळ्या रानाचं कौतुक सगळे करतात, आणि ते खरंच आहे. पण त्या पिकाच्या गणितात रात्र तितकीच मोठी आहे, हे फारसं कुणी बोलत नाही.

हे पहिल्यांदा नीट मांडलं अमेरिकेतल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी, १९२० साली. तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर उंच वाढायचा पण फुलायचाच नाही. त्यांनी कुंड्या दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली, आणि झाडं फुलली. तेव्हा वाटलं, झाड दिवसाची लांबी बघतं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना काटेरी बोंडं चिकटतात त्या झॅन्थियम नावाच्या तणावर प्रयोग केले. दिवसाच्या मधे थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला काही फरक पडला नाही. रात्रीच्या मधे थोडा वेळ दिवा लावला, तर झाड फुलायचं थांबलं. मोजणी रात्रीची होती, आणि दिव्यानं ती मोडली.

मोजतं कोण, तर पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. लाल प्रकाशात, म्हणजे ६६० नॅनोमीटरच्या आसपास, त्याचं एक रूप तयार होतं आणि अंधारात ते हळूहळू ओसरतं. त्याच्या जोडीला झाडाचं आतलं चोवीस तासांचं घड्याळ असतं. दोन्ही मिळून रात्र किती झाली ते ठरतं. मधेच दिवा पडला की झाडाच्या लेखी ती मोठी रात्र नाही, दोन तुटक्या रात्री. शेवंतीवाले हे पक्कं ओळखून असतात. बाजारभाव येईपर्यंत फूल रोखायचं तर रात्री दिवे लावतात. ड्रॅगन फ्रूटचं उलटं, त्याला लहान रात्र हवी, म्हणून काही बागांत हिवाळ्यात रात्रभर बल्बांच्या ओळी दिसतात. शेतकऱ्याला अंधाराची किंमत पैशात कळलेली आहे.

ढाबेवाल्याशी दादा आणि मी जाऊन बोललो. माणूस चांगला. ट्रकवाल्यांना गाडी लावताना दिसायला हवं, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. शेवटी ठरलं की दिव्याला पत्र्याचा टोप करायचा, उजेड त्याच्या फरशीवर पडेल, आमच्या रानात नाही. टोप दादानंच करून दिला. यंदाच्या त्या ओळींचा मात्र कडबाच होणार.

मला उजेडाचं वावडं नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम मी अजून लहान पोरीसारखी उभी राहून बघते, आणि सिद्धेश्वर तळ्यावर दिवे लागलेले असले की पाय निघत नाही. माझं भांडण आभाळाकडं आणि रानात सांडणाऱ्या फुकट उजेडाशी आहे. त्याचा कुणालाच उपयोग नसतो, आणि बिल कुणीतरी भरतंच.

त्या रविवारी मी परत आले नाही, रानातच थांबले. ढाब्याकडं पाठ करून विहिरीपलीकडच्या तुकड्यात बसलो, मी, वहिनी आणि भाचा. भाच्याला म्हटलं, मोबाइल खिशातून काढायचा नाही, अर्धा तास. त्याला ती शिक्षा वाटली. पण डोळ्याला खरंच तेवढा वेळ लागतो. बाहुली मोठी होते ती लगेच. पडद्यावरच्या शंकूच्या आकाराच्या पेशी दहाएक मिनिटांत जुळवून घेतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशींना अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो, कारण उजेडानं फुटलेलं रोडॉप्सिन नावाचं त्यांच्यातलं रंगद्रव्य परत तयार व्हावं लागतं. त्याला 'अ' जीवनसत्त्व लागतं, म्हणून ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. आणि एवढं जमवलेलं सगळं मोबाइलच्या एका झगमगाटात जातं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लाल उजेड दंडाकार पेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून मी बॅटरीला लाल जिलेटीन पेपर बांधून नेते.

देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा, उत्तरेकडं बऱ्यापैकी वर होती. भाचा म्हणाला, "आत्या, काहीच नाही तिथं." त्याला म्हटलं, तिच्याकडं बघू नकोस, तिच्या जरा बाजूला बघ. डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध, जिथं आपण नजर रोखतो, तिथं दंडाकार पेशी नसतातच. अंधारात सरळ रोखून बघितलं की अंधुक गोष्ट नाहीशी होते, आणि नजर थोडी कलती केली की दिसते. तो गप्प झाला आणि मग एकदम, "आली! लांबुळकी आहे!" पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. वहिनीला पहिल्याच फटक्यात दिसली होती, त्या बोलल्या नव्हत्या इतकंच.

याच देवयानीवर व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये काम प्रसिद्ध केलं. केंद्राभोवती फिरताना कडेचे भाग आतल्या भागांच्या मानानं मंदावायला हवेत, तसे ते मंदावत नाहीत असं दिसलं. तिथं न दिसणारं वस्तुमान असावं, हा विचार पुढं अशाच मोजमापांनी बळकट झाला. त्याला आपण कृष्ण द्रव्य म्हणतो, पण मुलांना मी नेहमी सांगते की हा विषय वेगळ्या वहीत ठेवा. ते द्रव्य उजेड अडवत नाही, गिळत नाही, उजेड त्यातून आरपार जातो. ते काय आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही. रात्रीचा काळोख ही निराळी गोष्ट आहे, आणि तिचं उत्तर सापडलेलं आहे.

ते उत्तर मी ज्वारीतच समजावून सांगते. उभ्या ज्वारीत मधोमध शिरा. कुठल्याही बाजूला बघा, नजर कुठल्या ना कुठल्या ताटावर जाऊन टेकते, ताटांमधल्या फटीतून मागचं ताट दिसतं. रान पुरेसं मोठं असेल तर बांध दिसणारच नाही. आता ताटांच्या जागी तारे धरा. विश्व अमर्याद असेल आणि सगळीकडं तारे असतील, तर प्रत्येक दिशेला नजर एखाद्या ताऱ्यावर टेकायला हवी, आणि मग सगळं आभाळ सूर्याच्या बिंबासारखं पेटलेलं हवं. लांबचे तारे मंद दिसतात म्हणून अंधार, असं मुलं हमखास म्हणतात. पण आपल्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे ताऱ्यांचे थर कल्पा. दुप्पट अंतरावरचा तारा चौपट मंद होतो, आणि दुप्पट अंतरावरच्या थरात तारे चौपट असतात. प्रत्येक थर सारखाच उजेड पाठवतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरला १६१० मध्ये हे खटकलं होतं. १८२३ मध्ये ओल्बर्सनं ते नीट मांडलं, म्हणून त्याच्या नावानं हे कोडं ओळखलं जातं. त्याला वाटलं, मधे काही अडवत असेल. पण अडवणारी धूळसुद्धा अनंत काळ उजेड खाऊन तापेल आणि स्वतःच चमकायला लागेल.

गंमत म्हणजे बरोबर दिशेनं बोट पहिल्यांदा दाखवलं ते एडगर ॲलन पो या लेखकानं, १८४८ मध्ये. काही भाग इतके लांब आहेत की तिथला उजेड अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही, असं त्यानं लिहिलं. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, तरी तेवढ्या वेळात पोचेल तेवढाच उजेड आपल्याला मिळतो. तारे विरळ आहेत आणि प्रत्येक नजर ताऱ्यावर टेकायला जितकं लांब जावं लागेल, तितकं लांब जायला विश्वाचं वय पुरत नाही. मला हे शिकवताना दरवेळी अंगावर काटा येतो. ताट रात्रीच्या लांबीवरून महिना ओळखतं, आणि आपण आभाळ काळं आहे एवढ्यावरून ओळखतो की ह्या सगळ्याला सुरुवात होती.

आणि त्या काळ्यातही उजेड आहेच. १९६४-६५ मध्ये अमेरिकेतल्या पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनाला सगळ्या दिशांनी सारखीच खरखर ऐकू येत होती. कबुतरांची घाण आत साचली होती, तीही साफ करून झाली, खरखर गेली नाही. विश्व सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना ते तीन हजार अंशांइतकं तापलेलं होतं, आणि तेव्हाचा उजेड तो. विश्व प्रसरण पावत गेलं तशी त्याची तरंगलांबी अकराशेपट ताणली गेली, आणि आता तो निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ सेल्सिअसच्या) जेमतेम २.७ अंश वर, सूक्ष्मलहरींत उरलाय. म्हणजे नजर प्रत्येक दिशेला शेवटी उजेडावरच टेकते. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही एवढंच.

अंधारासाठी माणसं किती लांबून येतात याचं उदाहरण शोधायला आम्हाला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. पुण्याहून सोलापूरला येताना करमाळा तालुक्यातलं जेऊर स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली तिथून गेली. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन जेऊरला आले. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल जहाजानं अर्धी पृथ्वी ओलांडून त्याच जेऊरला आले. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ लॉकयर आले ते याच ग्रहणासाठी. १८६८ मध्ये त्यांनी हेलियम विजयदुर्गावरून शोधला असं आपल्याकडं सर्रास लिहितात, पण त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते. ते खरं काय ते सांगितल्यानं किल्ल्याचा मान तसूभरही कमी होत नाही.

दोन मिनिटांत त्यांना बघायचा होता सूर्याचा किरीट, म्हणजे बिंबाभोवतालचं तेजोवलय, कोरोना. तो नेहमीच तिथं असतो, सूर्यबिंबाच्या दहा लाखाव्या भागाइतका तेजस्वी, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राइतपत. पण बिंब उघडं असलं की त्याच्या झळाळीत तो पार बुडून जातो. त्याच्या वर्णपटात १८६९ च्या ग्रहणात एक हिरवी रेघ सापडली होती, पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी न जुळणारी. नवीनच मूलद्रव्य असणार म्हणून तिला नावसुद्धा देऊन झालं होतं. ती आपल्या साध्या लोखंडाची आहे, सव्वीसपैकी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंची, हे कळायला १९४० चं दशक उजाडलं. लोखंडाची एवढी लूट व्हायची तर तिथं दहा लाख अंशांच्या वर तापमान हवं, आणि खालचं बिंब तर सहा हजारांच्याही आतलं. वरचा थर इतका का तापतो, यावर अजून काम चालू आहे.

पुढचं भारतातून दिसणारं खग्रास २० मार्च २०३४ ला आहे, सावली काश्मीर-लडाखच्या भागातून जाईल. माझ्या आत्ताच्या नववीच्या मुली तोवर कमावत्या झालेल्या असतील. मार्चमध्ये तिथं थंडी आणि बर्फ, शिवाय आभाळ स्वच्छ मिळेलच असं नाही, हे त्यांना सांगितलंय. तारीख फळ्यावर लिहून दिली आहे, आणि सोलापूरहून तिथवर जायला पैसे किती लागतील याचा हिशेब गणिताच्या तासाला काढायचा ठरला आहे.