ब्रह्मगिरी नाही, मग कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "नाशिकचा ज्वालामुखी कुठे होता हो? ब्रह्मगिरीच ना?" हा प्रश्न शाळेतल्या व्याख्यानानंतर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो आणि पेठ-सुरगाण्याकडे जमीन जरा हलली की फोनवरही येतो. नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा असा पडतो, जणू मी त्र्यंबकेश्वरचं काहीतरी हिरावून घेतलं.

ब्रह्मगिरी नाही. अंजनेरी नाही, रामशेजही नाही. वर कडा आणि खाली उतार दिसला की शंकू वाटतो, मान्य. पण पाऊस सरून हवा धुतली गेली की अंजनेरीच्या अंगावरचे पट्टे बघा. जवळजवळ आडवे आहेत. तिथं तोंड असतं तर थर त्या तोंडापासून चहूबाजूंना उतरले असते आणि जवळपास राखेचे, फेसाळ दगडांचे ढीग सापडले असते. हे डोंगर म्हणजे एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या चादरी. मधलं सगळं नद्यांनी नेलं, उरलं ते डोंगर म्हणून उभं आहे.

मग लाव्हा आला कुठून? भेगांतून. भेगेत थिजलेला लाव्हा म्हणजे डाइक, पाठ्यपुस्तकातली भित्ती. नंदुरबार-धुळ्याकडे हे डाइक बऱ्यापैकी एका दिशेत, पूर्व-पश्चिमेच्या आसपास धावतात. नाशिक-पुणे पट्ट्यातले मात्र वाटेल त्या दिशेला. ओळखायला सोपे: लाव्हा थंड होताना तडकून खांब पडतात; वर पसरलेल्या प्रवाहात ते उभे असतात, डाइकमध्ये आडवे, रचलेल्या सरपणासारखे, कारण तो दोन्ही भिंतींकडून थंड होत येतो. कडेचे दोन-तीन सेंटिमीटर इतके बारीक कणांचे की भिंगातूनही स्फटिक दिसत नाहीत.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो ते. सिन्नरच्या बाजूच्या एका खाणीत असा एक डाइक होता. त्याचं रसायन कुठल्या थरांशी जुळतं ते बघायला कडेपासून मध्यापर्यंत नमुने घेतले, प्रत्येकी दोनेक किलो. हातोडा मारल्यावर घंटेसारखा वाजतो तोच दगड, बद्द वाजला की टाकून द्यायचा. बाहेरची तपकिरी साल छाटायची, आणि पांढरे झिओलाइटचे (दगडाच्या पोकळ्यांत नंतर भरलेलं खनिज) ठिपके असतील तर तो तुकडा बाद. झिओलाइट स्ट्रॉन्शियम आणि बेरियम धरून ठेवतं, मग ते आकडे दगडाचे राहत नाहीत. म्हणून टायटॅनियम आणि झिर्कोनियमवर जास्त भरवसा. दळायला अ‍ॅगेटचं, म्हणजे अकीक दगडाचं भांडं घ्यायचं, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून नमुन्यात कोबाल्ट उतरतो. आकडे आले ते महाबळेश्वरकडच्या अंबेनळी नावाच्या लाव्हाथरांशी छान जुळले. तेव्हाच्या मी वहीत लिहिलं: "तोंड सापडलं."

काय सापडलं होतं, कपाळ! अंबेनळीच्या घडणीचे प्रवाह एक-दोन नाहीत. गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचा बसाल्टसुद्धा (लाव्हाचाच काळा दगड) त्याच कुळात बसतो, आणि लाव्हा इथून तिथवर वाहत गेला असं मानणारे आहेत. रसायन कूळ सांगतं. डाइक जमिनीवर पोचला की वाटेतच थिजला, हे ते सांगत नाही.

ते सांगणारी जागा होती डाइकचा माथा. खाणीच्या भिंतीत तो एका लाल बोलच्या थराखाली संपत होता. बोल म्हणजे दोन प्रवाहांमधली कुजकी लाल माती, बोअरवाले जिला गेरू म्हणतात ती. डाइक बोलपेक्षा जुना असेल तर त्याचा माथाही कुजलेला, कांद्यासारखी सालं सुटणारे गोटे होत होत बोलमध्ये मिसळलेला दिसायला हवा. नंतरचा असेल तर माथा ताजा, बारीक कणांचा, आणि त्याला टेकलेली माती विटेसारखी भाजलेली. बोल भाजलेला मी पाहिला, पण वरच्या अंगाला. तो तर वरचा प्रवाह अंगावर आला की भाजतोच! खालची बाजू पाहायला शिडी लागली असती. नमुने भरले, ऊन चढलं, परत येऊ म्हटलं.

परत गेलो तेव्हा सुरुंगांनी ती भिंत नेली होती. तिची खडी झाली. खाणवाल्याला दोष कसा देऊ? बोलसारखा भुसभुशीत थर त्याला नकोच असतो, तो नेमका आधी जातो. आणि अगदी खरं सांगायचं तर शिडी असती आणि माथा कुजलेला निघाला असता, तरी डाइक बोलपेक्षा जुना एवढंच ठरलं असतं. तो जमिनीखाली वीस मीटरवर थिजला आणि वरचं झिजून उघडा पडला, असंही असू शकतं.

तरीही त्या भेगांतल्या काहींतून लाव्हा वर आलाच असणार, एवढं मी आजही म्हणतो. कुठल्या भेगेतून, ते बोटानं दाखवा म्हणालात तर माझा हात वर जात नाही. टेबलावर त्या डाइकचा मुठीएवढा तुकडा आहे, एका बाजूला काळी बारीक कड असलेला. कुणी ब्रह्मगिरीचं विचारलं की तो हातात देतो. पण तो कडेचा आहे, माथ्याचा नाही.