मायक्रोटाइपची नवी आवृत्ती बसवली: फाइली कुठे ठेवल्या आणि का

टेक लाइव्ह (लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचा पूर्ण संच) जुनंच ठेवून फक्त मायक्रोटाइप, म्हणजे अक्षरांची बारीक जुळणी करणारं जोड-पॅकेज, नवं करायचं, एवढंच या टप्प्याचं काम होतं. ते झालं. हातातल्या पुस्तकाची पानं याच टेक लाइव्हवर जुळवली आहेत, म्हणून बाकी पॅकेजांना हात लावायचा नव्हता.

सुरुवात केपीएसईविचपासून. टर्मिनलवर हा आदेश आणि पुढे एसटीवाय फाइलचं (पॅकेजच्या मुख्य फाइलचं) नाव दिलं, की लाटेक सध्या कुठली प्रत उचलतंय ते कळतं. उत्तर आलं टेक्सएमएफ-डिस्टमधलं, म्हणजे टेक लाइव्हच्या स्वतःच्या फोल्डरमधलं. तिथे आपल्या फाइली कधीच टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. टीएलएमजीआरने (टेक लाइव्हच्या अपडेट साधनाने) त्या पॅकेजचं पुढचं अपडेट आणलं की आपली प्रत पुसली जाते, आणि पत्ताही लागत नाही.

आपली जागा टेक्सएमएफहोम, म्हणजे वापरकर्त्याचं स्वतःचं फोल्डर. लिनक्सवर ती सहसा होम फोल्डरमधल्या टेक्सएमएफमध्ये असते, मॅकवर लायब्ररीतल्या टेक्सएमएफमध्ये. आतली रचना मात्र ठरलेली: टेक्स, त्यात लाटेक, त्यात पॅकेजच्या नावाचं फोल्डर. एसटीवाय नुसती टेक्सएमएफमध्ये वरच ठेवली तर शोध तिथपर्यंत जातच नाही.

डीटीएक्स (पॅकेजचा मूळ स्रोत) आणि आयएनएस (त्यातून फाइली काढणारी फाइल) वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन आयएनएसवर लाटेक चालवलं. एसटीवायबरोबर पीडीएफटेक, लुआटेक, झीटेक या लाटेकच्या इंजिनांच्या स्वतंत्र डीईएफ फाइली आणि फाँटांच्या सेटिंगच्या सीएफजी फाइली तयार झाल्या. हा सगळा संच एकत्रच हलवला. नुसती एसटीवाय नेली असती तर नवी एसटीवाय आणि डिस्टमधल्या जुन्या डीईएफ अशी मिसळ झाली असती. अशा वेळी येणाऱ्या चुकांच्या सूचना वाचून मूळ कारण सहसा सुचत नाही.

एमकेटेक्सएलएसआर (फाइलींची यादी ताजी करणारा आदेश) चालवायची गरज पडली नाही. टेक्सएमएफ-लोकल आणि डिस्टमध्ये शोध एलएस-आर नावाच्या यादीवरून होतो, यादीत नसलेली फाइल डिस्कवर असूनही दिसत नाही. टेक्सएमएफहोममध्ये मात्र थेट डिस्कवर पाहिलं जातं. सगळ्या वापरकर्त्यांसाठी लोकलमध्ये बसवणाऱ्यांनी ती यादी ताजी करायलाच हवी.

पडताळणीसाठी केपीएसईविचला 'ऑल' हा पर्याय दिला: आधी माझी प्रत, खाली डिस्टची. मग दस्तऐवजाच्या अगदी वर लिस्टफाइल्स लिहिलं. लॉगच्या शेवटी प्रत्येक फाइलपुढे तिची तारीख येते, आणि एसटीवाय व डीईएफच्या तारखा जुळल्या. पॅकेज मागवणाऱ्या यूजपॅकेजच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात किमान तारीखही घातली आहे. दुसऱ्या संगणकावर जुनी प्रत उचलली गेली तर लॉगमध्ये इशारा येईल. एक गोष्ट आवर्जून पाहा: दस्तऐवजाच्या शेजारी त्याच नावाची फाइल पडलेली असेल तर ती या सगळ्यांच्या आधी घेतली जाते.

काही परिच्छेद आता वेगळ्या ठिकाणी तुटतात, ती पानं तपासणं चालू आहे. पूर्ण टेक लाइव्ह बदलेन तेव्हा टेक्सएमएफहोममधलं हे फोल्डर आधी काढायचं, नाहीतर तिथली तोवर जुनी झालेली प्रतच पुढे येत राहील. तशी नोंद प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये करून ठेवली आहे.