अल्निफमधली घासाघीस

मोरोक्कोत मर्झूगाचे वाळूचे डोंगर पाहिले, उंटावर बसलो, फोटो काढले. ते सगळ्यांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते अल्निफबद्दल, जिथे आमच्या टूर मॅनेजरने जेमतेम पाऊण तास दिला आणि तोही उपकार केल्यासारखा.

रिस्सानीहून ताझारीनकडे जाताना लागणारं हे धुळकट गाव. आसपासचे उघडेबोडके डोंगर ३९ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, समुद्राचा तळ होते. त्या तळावर ट्रायलोबाइट सरपटत. खेकडा-विंचवाच्या नात्यातले, कवचवाले जीव. डायनासोर येण्याआधीच संपलेले.

त्यांचे जीवाश्म डोंगरावर हिंडून वेचायचे, असा हा प्रकार नाही. इथली माणसं खडकाच्या एका पातळ थराचा माग काढत पहार-छिन्नीने लांबच लांब चर खणतात. दगड फोडला की ट्रायलोबाइट अख्खा दिसत नाहीच. तुटलेल्या कडेवर कवचाची बारीक रेघ दिसते. तेवढ्यावरून ओळखायचं, तुकडे जपून गावात आणायचे, चिकटवायचे आणि मग कोरायला बसायचं.

पत्र्याच्या शेडमध्ये एक पोरगेलासा कारागीर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसला होता. हातात हवेच्या दाबावर थरथरणारी सुई, तोंडाला नुसतं फडकं. शेडभर दगडाची पांढरी धूळ. मला दोन मिनिटांत खोकला आला, तो रोज तिथेच. ट्रायलोबाइटच्या पाठीवर केसासारखे काटे होते आणि एकेका काट्याभोवतीचा दगड तो कणाकणाने उडवत होता. असा काटेरी नमुना सोडवायला कित्येक दिवस जातात. त्याने मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. ट्रायलोबाइटच्या डोळ्यातली भिंगं वेगवेगळी मोजता येत होती! ती कॅल्साइटची, म्हणजे खनिजाचीच असतात. मालकाने पुदिन्याचा चहा दिला, कुणी काही घेवो न घेवो.

आणि एवढं सगळं बघून झाल्यावर आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, "अर्ध्यात दे म्हणावं. दगडच तर आहे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गालिच्यावर घासाघीस करा, चपलांवर करा, तिथे ती अपेक्षितच असते. पण ज्याची धूळ आत्ता तुमच्या चष्म्यावर बसलीय, त्याच्याशी? मी फॅकॉप्स नावाचा साधा, बिनकाट्यांचा ट्रायलोबाइट घेतला आणि सांगितली ती किंमत दिली. बसमध्ये त्यावरून मला भोळसट ठरवण्यात आलं.

काकांनी पुढच्या थांब्यावर रस्त्याकडेच्या टपरीतून तळहाताएवढा ट्रायलोबाइट घेतला, पन्नास दिरहमला. काळाकुळकुळीत, एकही तडा नसलेला, अंगभर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं. साच्यात रेझिन ओतून केलेली नक्कल.

"बघा, याला म्हणतात खरेदी," ते म्हणाले. नातवाला देणार होते. मी म्हटलं, छान आहे.