खजिनदार कवी

लेखा खात्यात उभी नोकरी गेल्यामुळे असेल, पण खजिना सांभाळणारा माणूस कविता करतो म्हटलं की माझे कान टवकारतात. इंग्लंडचा फुल्क ग्रेव्हिल तसा. जन्म १५५४. दहाव्या वर्षी श्रूसबरीच्या शाळेत नाव दाखल झालं, त्याच दिवशी पुढे कवी म्हणून गाजलेल्या फिलिप सिडनीचंही. ही मैत्री सिडनी १५८६ मध्ये लढाईतल्या जखमेने गेला तरी संपली नाही. ग्रेव्हिलने पुढे त्याचं चरित्र लिहिलं, आणि स्वतःच्या थडग्यावर कोरून घेतलं: राणी एलिझाबेथचा सेवक, राजा जेम्सचा सल्लागार, सर फिलिप सिडनीचा मित्र. बॅरन झालेल्या माणसाने मैत्रीही पदवीसारखी मिरवावी, हे मला फार आवडतं.

१६१४ ते १६२१ तो जेम्सचा अर्थमंत्री होता. वॉरिकचा किल्लाही त्याला राजाकडूनच मिळाला. दरबार असा मुरला होता अंगात की अँटनी आणि क्लिओपात्रावरचं नाटक त्याने स्वतःच जाळलं. कुणी त्यात चालू राजकारण वाचेल ही धास्ती! (आमच्याकडे फायलीवरचा शेराही माणसं याच भीतीने गुळमुळीत लिहीत.)

शेवट मात्र भयंकर. मृत्युपत्रात आपल्याला कमी दिलं या रागाने राल्फ हेवूड नावाच्या नोकराने १६२८ च्या सप्टेंबरात त्याला भोसकलं आणि मग स्वतःचाही जीव घेतला. ग्रेव्हिल महिनाभर तळमळत गेला. ‘सीलिका’ हा १०९ कवितांचा संग्रह छापून आला तो १६३३ मध्ये. सुरुवातीच्या प्रेमकविता मी चाळल्या. शेवटच्या, देव आणि मरणाविषयीच्या, पुन्हा पुन्हा वाचतो.