धरणाकाठचं भाड्याचं घर

आज खडकवासल्याच्या घराचा करार पुन्हा 11 महिन्यांसाठी झाला. एजंट घरीच मशीन घेऊन आला, मी आणि घरमालकीण काकूंनी अंगठे दिले, वीस मिनिटांत काम आटोपलं. काकू आधी म्हणत होत्या, "अरे, घरातल्यासारखा आहेस, नोंदणी कशाला?" मी ऐकलं नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. म्हणजे हा कागद काकूंच्याच भल्याचा. समजावल्यावर त्यांना पटलं. यापूर्वी शहरात एका मालकाने माझं डिपॉझिट बुडवलं होतं, तेव्हापासून मी याबाबतीत हट्टी आहे.

मग चहा घेऊन गच्चीवर बसलो. समोर पाणी, मागे सिंहगड. काकू 12 जुलै 1961 बद्दल सांगू लागल्या. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि पुण्यात पाणी शिरलं. त्यांनी ते सासूबाईंकडून ऐकलेलं, पण सांगताना आवाज हलला.

रविवारी इथे चौपाटीवर गर्दी उसळते, कणसं-भजी खाऊन लोक प्लास्टिक काठावर टाकून जातात. हेच पाणी पुणं पितं! फार जीव तुटतो.

संध्याकाळी पिशवी घेऊन काठावर गेलो. काकूही आल्या, गुडघे दुखत असताना. दोन पोती भरली.